कुत्र्याला घेऊन रामशेज आणि काश्यपीच्या काठावर मुक्काम : अनुभव आणि काही प्रश्न

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी-रविवारी मी, नवरा आणि आमची तांबी असे तिघं पहिल्यांदाच बाहेर मुक्कामाला गेलो होतो. तांबी देशी कुत्री आहे, तीन वर्षांची, सतरा किलो. अंगाचा रंग भाजलेल्या विटेसारखा म्हणून तांबी. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीसमोर बांधकाम चालू होतं, तिथल्या वाळूच्या ढिगावर तिचा जन्म. त्यामुळे वाळू नाहीतर चिखल दिसला की तिच्या अंगातच येतं.

शनिवारी पहाटे साडेसहाला आशेवाडीत गाडी लावून रामशेज चढलो. कुत्र्यासाठी नाशिकजवळ याच्याइतका सोयीचा किल्ला मला तरी माहीत नाही. वाट मळलेली, पायऱ्या बेताच्या, तासाभरात माथा. आजूबाजूला ना दाट जंगल ना मोठी डोंगररांग, एकटाच उभा आहे. १६८२ साली मोगलांनी वेढा घातला आणि पुढे साधारण साडेपाच वर्षं हा एवढासा किल्ला लढत राहिला, हे तिथे उभं राहून बघितलं की जास्तच नवल वाटतं. रामाच्या गुहेतल्या देवळापाशी आम्ही आळीपाळीने दर्शन घेतलं, एक जण तांबीला घेऊन बाजूला थांबला. साडेनऊला खाली आलो तेव्हा कातळ तापायला लागला होता.

दुपारनंतर गिरणारेमार्गे काश्यपी धरणाच्या बॅकवॉटरला. तांबीने एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. आधी दहा मिनिटं काठावर उभी राहून नुसता वास घेत होती. मग एक पाय घातला, बाहेर काढला, झटकला, परत घातला. पाऊण तासाने पोटापर्यंत पाण्यात उभी राहून लाटा चाटत होती. तो सगळा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही.

आता त्रासाचं. जिथे तंबू घेतला होता तिथे बुकिंगच्या वेळी तीनदा विचारलं होतं, "कुत्रा चालेल ना?" तिन्ही वेळा "हो हो, बिनधास्त आणा." रात्री दहाला त्यांचा माणूस आला. म्हणे कुत्रं तंबूत घ्यायचं नाही, गाद्या खराब होतात, तिकडे बाभळीला बांधा, शेकोटी आहेच. मी नाही म्हटलं. थोडी वादावादी झाली आणि शेवटी आम्ही तिघं गाडीत झोपलो. अडीचच्या सुमारास पलीकडच्या वस्तीवरची कुत्री एकदम भुंकायला लागली आणि तेवढ्याच एकदम गप्प झाली. तांबी भुंकली नाही. माझ्या मांडीत डोकं खुपसून थरथरत होती.

सकाळी त्या बाभळीपासून शंभरेक पावलांवर ओल्या गाळात ठसे होते. पसरट, गोल, मुठीएवढे. चार बोटं, मागे गादी, आणि पुढे नखाची एकही खूण नाही. शेजारीच तांबीचे आदल्या संध्याकाळचे ठसे होते, लांबट, प्रत्येक बोटापुढे नखाचा टोचा. दोन्ही शेजारी-शेजारी बघितले आणि पाय लटपटले.

जागेचं नाव लिहीत नाही. मला भांडण नको, पुढच्या माणसाचं कुत्रं वाचायला हवं. प्रश्न एवढाच की कुत्रा घेऊन नाशिकच्या आसपास पाण्याकाठी राहायचं असेल तर काय काय बघावं? आणि तांबीसारखीला झेपतील असे डोंगर कोणते?

निफाडचा गडी

ताई, नाही म्हणालात ते फार बरं केलंत. आमच्याकडे बिबट्या ही बातमी राहिलेली नाही, रोजचा शेजार आहे. उसात राहतो, उसातच पिल्लं देतो, आणि त्याला शेळीइतकंच कुत्रं सोपं जातं. आमचा मोती असाच गेला. रात्रभर पंपाजवळ साखळीला होता. सकाळी साखळी जागेवर आणि पट्टा तुटलेला. मोकळा असता तर कदाचित पळाला असता. बांधलेल्याला तेही जमत नाही. त्या दिवसापासून आमच्या मळ्यात एकही कुत्रं रात्री बांधत नाही. जाळीची खोली केली आहे, वरूनही जाळी. अंधार पडला की सगळी आत.

शेकोटीच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. शेकोटी दोन तासांत विझते, आणि बिबट्याला माणसाच्या वावराची सवय झालेली आहे.

डोंगरवाट

ठशांचं वर्णन वाचून काटा आला. नख न उमटणं ही मांजरकुळाची खूण, चालताना नखं आत असतात. तरसाचे ठसे कुत्र्यासारखे नखांसकट उमटतात, तेही सांगून ठेवतो, कारण त्या पट्ट्यात तरसही आहे.

डोंगरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हरिहरला कुत्रा नेऊच नये. त्या कातळातल्या पायऱ्या जवळजवळ ऐंशी अंशात आहेत, माणूस खोबणीत बोटं घालून उतरतो, कुत्र्याने काय करायचं? चढून जाईल एखादा, उतरताना जीव जाईल. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, शिवाय तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीला माकडं. माकडांची टोळी कुत्रा दिसला की अंगावर येते, आणि कुत्रा घाबरून कड्याच्या बाजूला पळाला तर हातात काही राहत नाही. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याची संरक्षित जागा, तिथे पायथ्याच्या वाटेवर फिरवा आणि परत या.

राहता राहिला रामशेज, आणि शहराच्या कडेच्या टेकड्या. तेवढं पुरे आहे. कुत्र्याला शिखराचं कौतुक नसतं, त्याला वास हवे असतात.

मोकळा श्वास

धागा छान. पण कुत्र्यांवरच्या इतर धाग्यांवर मला सगळीकडे "पट्टा, पट्टा" वाचून वाईट वाटतं. देशी कुत्रा हजारो वर्षं या मातीत मोकळा फिरलाय. आठवडाभर फ्लॅटमध्ये कोंडायचं आणि रविवारी डोंगरावर नेऊनही दोरी? माझा कुत्रा सहा वर्षं माझ्याबरोबर विनापट्टा चालतो, हाक मारली की येतो.

धरणकाठचा

मी त्याच बॅकवॉटरच्या गावचा. मोकळ्या श्वासवाल्या दादांना हात जोडून सांगतो, तुमचा कुत्रा येत असेल हाकेला, पण आमच्या शेळीला ते माहीत नाही. मागच्या साली पाहुण्यांचा एक मोठा लॅब्रॅडॉर खेळायला म्हणून शेळ्यांमागे लागला. चावला नाही. पण गाभण शेळी पळत सुटली आणि दुसऱ्या दिवशी गाभडली. पाहुणे तोवर नाशकात पोचलेले.

दुसरं. पाणी उतरतं तसा जो काळा गाळ उघडा पडतो त्यात आम्ही गाळपेर करतो. हरभरा, गहू, थोडा भाजीपाला. ती रिकामी जमीन नाही. नुकतं उगवलेलं पीक दुरून गवतासारखंच दिसतं, त्यात कुत्रं चार चकरा मारलं की तेवढी जागा गेली.

तिसरं जाळ्यांचं. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे नाहीतर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली मासेमारीचं जाळं आहे असं समजायचं. नायलॉनची बारीक जाळी, दिसत नाही. कुत्र्याचा पाय अडकला की ते गरगर फिरतं आणि आणखी गुंततं. पोहणारा माणूसही तिथे घाबरतो. काठाला आधी शंभर पावलं चालून बघा, मग सोडा.

गाळाची वरची साय सुकलेली असते, भेगा पडलेल्या, म्हणून भक्कम वाटते. पाण्यापासून पाच-सहा फुटांवर मात्र गुडघ्यापर्यंत पाय जातो. जिथे गुरं पाण्यावर उतरतात ती वाट धरा, तिथे तळ कडक असतो.

गोदाकाठची

दादा, मनापासून धन्यवाद. बाटल्यांची ओळ मी पाहिली होती आणि कचरा समजून हळहळले होते. तांबी तिथून वीस फुटांवर खेळत होती.

पट्ट्याबद्दल मी तुमच्याच बाजूची. आता दहा मीटरची लांब दोरी घेतली आहे. पाठीवरच्या हार्नेसला अडकवायची, गळ्याला नाही, म्हणजे एकदम ओढ बसली तरी मानेला झटका लागत नाही.

पशुवैद्य सिन्नर

रोज बघतो ते लिहितो, थोडं लांबेल.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे डोंगरावर बिबट्याच्या खालोखाल मला भीती वाटते ती कुसळाची. वाळलेल्या गवताचं ते काळपट टोक बाणासारखं असतं आणि त्याची शेपटी ओल लागली की पीळ सोडते, सुकली की पीळ घेते. त्या पिळानेच ते कातडीत पुढे-पुढे सरकतं, मागे येत नाही. परवाच एक कुत्रा आला, मालक म्हणे पाय चाटत बसतो. दोन बोटांमध्ये मुगाएवढी गाठ होती. कापून काढलं तर आत दीड इंचाचं कुसळ. कानात गेलं तर कुत्रा मान एका बाजूला वाकडी करून सारखं डोकं झटकतो. तसं दिसलं तर घरी चिमटा घालू नका, घेऊन या. डोंगरावरून उतरल्याबरोबर, गाडीत बसायच्या आधी, चारही पायांची बोटं फाकवून बघा, कान, काखा, शेपटीखाली बघा. त्याच हाताने गोचिडीही शोधा.

गोचीड नुसती रक्त पीत नाही, एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार देते. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत कुत्रा खायचं सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. मालकाला वाटतं हवा बाधली. तसं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. आणि सहलीच्या आधी गोचिडीचं औषध, मानेवर टाकायचं किंवा गोळी, दिलेलं असलंच पाहिजे.

पाण्याकाठी जाणार असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस चालू वर्षाची हवी, रेबीजची हवीच हवी. साचलेल्या डबक्यात उंदरांचं मूत्र असतं, लेप्टो तिथून येतो. पाण्यावर हिरवी-निळसर साय किंवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर कुत्र्याला तिथे तोंडही लावू देऊ नका. काही शेवाळांचं विष तासा-दोन तासांत जीव घेतं. प्यायचं पाणी घरून न्या.

ऊन. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, फक्त धापेने उष्णता बाहेर टाकतो. ४१ च्या पुढे गेला की आतले अवयव बिघडायला लागतात. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांना सोसणार नाही. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना डोंगर नकोच, त्यांना सपाटीवरही धाप लागते. उन्हाने लोळागोळा झाला तर साधं पाणी अंगभर ओता, वारा घाला, घोट-घोट पाणी पाजा आणि निघा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

आता खास नाशिककरांसाठी. आपली दोन्ही नावाजलेली पिकं कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करतात, आणि किती खाल्ले की त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं. एखादा घडभर खाऊन ठीक राहतो, एखादा मूठभर खाऊन दगावतो. जानेवारी ते मार्चमध्ये दिंडोरीच्या बाजूला जाल तेव्हा बागेत वेलींखाली गळलेले मणी पडलेले असतात, तिथे दोरी आखूड धरा. कांदा तांबड्या रक्तपेशी फोडतो, कच्चा असो, तळलेला असो, रश्श्यात शिजलेला असो. कॅम्पवर मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवणारे खूप लोक आहेत. त्या रश्श्यात निम्मा कांदा असतो. त्रास त्याच दिवशी दिसत नाही, तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो.

गोदाकाठची

डॉक्टर, मी हे वाचता वाचता उठून तांबीची बोटं तपासली. डाव्या पुढच्या पायात एक निघालं, अजून कातडीत शिरायचं होतं. तुमचे उपकार.

आणि त्या रात्री रस्सा आम्हीही दिला होता, दोन वाट्या. आज चौथा दिवस. खाणं-पिणं ठीक आहे, हिरड्या गुलाबी आहेत. तरी उद्या तिला तपासून आणते.

टिटवीचा माग

पक्ष्यांच्या बाजूने दोन शब्द. धरणाच्या उघड्या काठावर टिटवी घरटं करते म्हणण्यापेक्षा नुसती खळगी करते. खडे-मातीत चार अंडी, रंग मातीचाच, ठिपके खड्यांचेच. समोर असून दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, हे आपले शेतकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. तर मार्चपासून पावसाळ्यापर्यंत काठावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजा, तुम्ही किंवा तुमचा कुत्रा अंड्यांच्या जवळ आहे. तिथल्या तिथे वळा, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने. कुत्र्याने अंडी खाल्लीच पाहिजेत असं नाही. तो तिथे अर्धा तास रेंगाळला आणि आई परत बसू शकली नाही, तर एप्रिलच्या उन्हात अंडी तापून जातात.

कुणी विचारायच्या आधीच सांगते, नांदूरमध्यमेश्वरला कुत्रा नेऊ नका. ते अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे हजारो पाहुणे पक्षी उतरलेले असतात.

इंदिरानगर ते मिशिगन

मूळचा इंदिरानगरचा, सध्या मिशिगन राज्यात. वरचा टिटवीचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो, कारण आमच्याकडे अगदी हीच गोष्ट आहे.

मिशिगन सरोवराच्या काठाला स्लीपिंग बेअर ड्यून्स नावाचं संरक्षित क्षेत्र आहे, १९७० साली स्थापन झालेलं. सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, समुद्रच. आणि काठाला वाळूचे डोंगर. एका ठिकाणी तर माथ्यापासून पाणी साडेचारशे फूट खाली आहे. नावामागे इथल्या आदिवासींची, अनिशिनाबे लोकांची कथा आहे. पलीकडच्या काठाला वणवा लागला म्हणून एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन सरोवर पोहून आली. ती काठाला लागली, पिल्लं मागे राहिली आणि बुडाली. ती वाट बघत पडून राहिली, तो हा वाळूचा डोंगर. पिल्लांची दोन बेटं झाली, मॅनिटू बेटं.

आम्ही दर जुलैत आमच्या कुत्र्याला, गुंड्याला, घेऊन तिथे तंबू ठोकतो. कुत्र्याला परवानगी आहे, पण नियम पक्के. दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. कुत्र्याला एकटं सोडून जायचं नाही, तंबूजवळ बांधून तर नाहीच. लोक जिथे पळत वाळू चढतात त्या मुख्य चढावर कुत्रा नाही, बेटांवर नाही, आणि किनाऱ्याच्या काही भागांत नाही, कारण तिथे पायपिंग प्लोव्हर नावाचा मुठीएवढा पक्षी खड्यांमध्ये अंडी घालतो. टिटवीचाच लांबचा नातेवाईक. पंचमहासरोवरांच्या काठी त्याच्या फार थोड्या जोड्या उरल्या आहेत. लोक घरट्याभोवती जाळीचे पिंजरे लावतात, पक्षी आत-बाहेर जाऊ शकतो, कुत्रा-कोल्हा नाही.

पहिल्या वर्षी मलाही हे नियम जाचक वाटले. मग एका सकाळी लांबून त्या पक्ष्याचं पिल्लू पाहिलं, कापसाच्या बोळ्याला दोन काड्या लावल्यासारखं, वाळूवरून धावत होतं. गुंड्याच्या एका उडीत संपलं असतं. त्याचा दोष नसता.

एक व्यवहाराची गोष्ट. वाळू दुपारी तव्यासारखी तापते. आम्ही सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच किनाऱ्यावर जातो, मधला वेळ झाडीतल्या वाटांवर. सरोवराचं पाणी गोडं असल्यामुळे कुत्रा पितो, पण पाण्याबरोबर वाळूही पोटात जाते, म्हणून चेंडू वाळूत टाकत नाही, पाण्यात टाकतो.

मोकळा श्वास

गाभण शेळीचं वाचल्यावर रात्री झोप लागली नाही. माझा कुत्रा शेळ्यांमागे कधी गेला नाही एवढंच मला माहीत होतं, पण एप्रिलमध्ये गंगापूर धरणाच्या काठी तो तासभर खड्यांमध्ये काहीतरी हुंगत होता आणि दोन टिटव्या डोक्यावर ओरडत होत्या. आम्ही त्याचा व्हिडिओ काढला होता. काठावर दोरी वापरेन. शेतात, माझ्या स्वतःच्या, मात्र मोकळाच ठेवणार.

डोंगरवाट

स्वतःच्या शेतात जरूर मोकळा ठेवा, तिथे कोण काय म्हणणार.

एक राहिलं होतं. कुत्र्याची घाण उचला. काश्यपीचं पाणी खाली गंगापूर धरणात येतं आणि गंगापूरचं नाशिकच्या नळाला. पिशवी खिशात ठेवायला काही जड नसते.

निफाडचा गडी

तंबूवाल्यांना बुकिंगच्या वेळी "कुत्रा चालेल का" असं विचारूच नका. "कुत्रा रात्री कुठे झोपेल" असं विचारा. उत्तरात दार असलेली जागा आली तरच पैसे पाठवा. गाडीत झोपायची वेळ आली तर काच दोन बोटं उघडी ठेवा, जास्त नको. पहाटे पाच ते सहा हा वेळ वाईट, लघवीला बाहेर काढायचं तर उजाडल्यावर, आणि तुम्ही सोबत, बॅटरी घेऊन.

गोदाकाठची

तांबीला दाखवून आणलं. रक्त तपासलं, सगळं ठीक आहे. पंधरा दिवसांनी गोचिडीच्या आजारासाठी परत तपासायचं ठरलंय.

त्या तंबूवाल्यांना मी फोन केला. रागाने नाही, ठशांचा फोटो पाठवला आणि बाभळ किती पावलांवर होती ते सांगितलं. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांचीही दोन कुत्री गेल्या वर्षभरात नाहीशी झाली, त्यांना वाटलं कुणी नेली.

आम्हाला जानेवारीत परत जायचंय. तांबी रोज संध्याकाळी गाडीजवळ जाऊन बसते.

धरणकाठचा

ताई, आमच्याच वस्तीवर या. तंबू नाही, पण घराला पडवी आहे, तिला दार आहे आणि आतून कडी आहे. आमचा राजा रात्री तिथेच झोपतो, तांबीला सोबत होईल. राजाला आधी बाहेर बांधावर भेटवू, एकदम घरात नको, दोघांची ओळख होऊ द्या. गुरांच्या उताराची जागा मी दाखवतो, तिथे जाळी नसतात. संध्याकाळी सहाच्या आत पोचा. साखळी आणू नका, दोरी आणा. आणि भाकरी-पिठलं आमच्याकडे, तांबीच्या वाट्याची भाकरी बिनकांद्याची काढून ठेवायला सांगतो घरात.